कावळ्यासमोर दिलेली आश्वासनं

आमच्या ह्यांचा दहावा मेडनहेडला घराच्या मागच्या अंगणात झाला. आता कुणी म्हणेल, दहावा असा घरी करतात का? नाहीच करत. पण थेम्सच्या काठी करावा तर तिथे कुत्री फिरवायला आलेली माणसं, होड्या, आइस्क्रीमची गाडी. शिवाय भाताचा गोळा काठावर ठेवला की कावळ्याच्या आधी बदकं आणि हंस हजर. म्हणून गुरुजी म्हणाले, काकू, तुमचं मागचं अंगणच बरं. आपल्याकडे बायका घाटावर जात नाहीत. इथे घाटच माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आला, मग मी कुठे जाणार? मागच्या दाराच्या पायरीवर बसले.

गुरुजी म्हणजे पुण्याचा मुलगा. रेडिंगला कंप्यूटरची नोकरी, आणि आजोबांकडून पूजापाठ शिकलेला. अर्धी रजा काढून आला होता, सोवळं पिशवीत घेऊन. पँट-शर्टात आला तेव्हा साधा पोरगा दिसत होता, सोवळं नेसला की आपोआप अहोजाहो तोंडात यायचं.

आता दहाव्याला कावळा यावा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. पिंड ठेवायचा, मागे सरायचं आणि वाट बघायची. कावळा चटकन शिवला तर माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलं आहे. मग घरच्यांनी एकेक पुढे होऊन वचन द्यायचं, तुमचं अमुक राहिलं असेल तर आम्ही करू. जे राहिलं होतं ते बरोबर बोललं गेलं की कावळा येतो. खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण लहानपणापासून हे ऐकलेलं, आणि अशा वेळी ऐकलेलंच वर येतं.

ह्यांचं काय राहिलं होतं ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

तर आधी ते भांडण सांगते. हे या देशात आले ते तरुणपणी, शेजारच्या स्लाव गावातल्या एका कारखान्यात. पुढे सगळी वर्षं भारताचा पासपोर्ट ठेवला. मतदानाचा हक्क कॉमनवेल्थचे म्हणून होताच, आणि कामगारांचा म्हणून जो पक्ष होता त्याचं काम हे आल्यापासून करायचे. पावसात पत्रकं वाटायची, दारातल्या टपालाच्या फटीत बोटं चिमटून घ्यायची, आणि घरी येऊन हळद लावायची. पण सरकारवर टीका मात्र करायचे नाहीत. म्हणायचे, पाहुण्यानं यजमानाच्या जेवणाला नावं ठेवू नयेत. मग उतारवयात एकदम मनावर घेतलं आणि ब्रिटिश झाले. वकिलाच्या ऑफिसात जाऊन शपथ घेतली, घरी आले, कोट न काढताच म्हणाले, "आता मी घरचा. आता बोलणार."

आणि वर्ष होतं न होतं तोच इराकवरचं युद्ध. तेही ह्यांच्याच पक्षाच्या सरकारनं केलेलं.

त्या आधीच्या हिवाळ्यात लंडनला तो मोठा मोर्चा निघाला त्यात हे गेले, कानटोपी घालून, माझ्याकडून थर्मास भरून घेऊन. परत आले ते ताप घेऊन. तरी युद्ध झालंच. मग ह्यांनी पक्ष सोडला. बाकीचे लोक चिडले होते ते सरकारवर, हे चिडले होते स्वतःवर. मला म्हणाले, "मी पाहुणा असतो तर हे पाप त्यांचं असतं. आता त्यांनी केलं ते मी केलं." जेवताना मधेच हात थांबायचा. मी म्हणायची, अहो, तुमच्या एका सहीनं काय बाँब पडले का? तर माझ्याकडे असं बघायचे की मी पुढे बोलायचीच नाही.

मुलगा आमचा इथेच जन्मलेला, मराठी जरा मोडकं बोलणारा, केंब्रिजला प्रयोगशाळेत काम करणारा, एकटा राहणारा. त्यालाही तो पक्ष बापानंच लावलेला. लहानपणी बापाचा हात धरून पत्रकं वाटत फिरायचा. युद्ध त्यालाही नको होतं. पण त्यानं पक्ष सोडला नाही. त्याचं म्हणणं, रागावून बाहेर गेलं तर बाहेरून कोण ऐकतं? आत राहून बदलायचं. हे म्हणाले, आत राहून माणूस बदलतो, पक्ष नाही बदलत. तेव्हा तो जे बोलला ते बोलायला नको होतं. म्हणाला, "बाबा, तुम्ही ब्रिटिश झाला त्याला एक वर्ष झाला. मी जन्मापासून आहे. तुमच्याकडे रागवून जायला दुसरा देश आहे. माझ्याकडे हाच आहे."

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. मधे मी, पोस्टमनसारखी. एकाच टेबलावर बसून, आई, बाबांना विचार आमटी वाढू का. अगं, त्याला सांग, नको. आणि मग तो तिकडे केंब्रिजला कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याच पक्षाकडून. फोनवर मला सांगितलं, मी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "त्याला म्हणावं, त्या पक्षात आहेस तोवर माझ्यापुढे येऊ नकोस." मी हा निरोप पोचवला नाही. पण भावजी तिथेच बसले होते, ब्रिस्टलहून आलेले. त्यांनी पोचवला.

पुढच्याच आठवड्यात हे गेले. स्वयंपाकघरात, सकाळी. ह्यांची एक खुर्ची होती, रेडिओसमोरची. सकाळच्या बातम्यांत पुढाऱ्यांच्या मुलाखती लागायच्या आणि हे त्यांना उलट उत्तरं द्यायचे, मराठीत, मोठमोठ्यानं. त्या दिवशी कुणीतरी मंत्री बोलत होता. मी सिंकशी पाठमोरी, भांडी विसळत. ह्यांचा आवाज नाही. मला वाटलं, बाई गं, आज पहिल्यांदा ह्यांना कुणाचं तरी पटतंय. नळ बंद करून वळले तर मंत्री बोलतोय आणि हे रेडिओकडे बघत बसलेले, चहा तसाच, हात कपापाशी. असे किती वेळ गेलेले होते कोण जाणे.

त्या रेडिओला ह्यांनी वेळ लावून ठेवलेली होती. ठरल्या वेळी आपोआप लागायचा आणि आपोआप बंद व्हायचा, वाक्याच्या मध्यावर का असेना. हे गेल्यावरही लागतच राहिला. प्लग काढायला कुणाचा हात होईना. मुलगा आला होता, तोही त्या वेळेला स्वयंपाकघरात यायचा नाही, जिन्यात थांबायचा. रिकाम्या खुर्चीपुढे पुढारी सांगतायत, आमच्यावर विश्वास ठेवा. बातम्यावाला प्रश्न विचारतो, मग उत्तराआधी जो क्षणभर थांबा असतो ना, त्या थांब्यात एकदा मला खाकरल्याचा आवाज आला. अगदी खुर्चीच्या उंचीवरून. मी म्हटलं, रेडिओतलाच असेल, त्यांनाही घसे असतात. पण चहा मात्र मी दोन कपच करत राहिले, आणि दुसरा कप कुणी नको म्हणाल्याशिवाय ओतून टाकायचं मला धाडस होत नव्हतं.

तर असा तो दहावा. इथे अग्नी द्यायला लगेच तारीख मिळत नाही, त्यामुळे दिवस मोजले ते अग्नीपासून. मुलानं डोकं भादरून घेतलं होतं, मेडनहेडच्याच सलूनमध्ये. त्या न्हाव्यानं विचारलं म्हणे, बाकी मिशी ठेवायची का, फॅशन कुठली आहे ही. पिंड ठेवला, काळे तीळ, दही, वर फूल. गुरुजींनी सगळ्यांना मागे घेतलं. मी पायरीवर. मुलगा ओल्या पंच्यात गवतावर उभा, एप्रिलच्या वाऱ्यात कुडकुडत. भावजी त्याच्या शेजारी, कोट, मफलर, हातात छत्री.

कावळा होता. लांब जायला नको, आमच्याच शेडच्या छपरावर. हे त्याला रोज पोळीचा तुकडा घालायचे, आणि तो रोज छपरावरून उतरून ह्यांच्या बुटांपर्यंत यायचा. आपल्याकडच्या कावळ्याची मान राखी असते, बघताना त्यात जरा माणूसपण वाटतं. इकडचा नखशिखांत काळा, चोच, डोळे, पाय सगळं. तो बघत होता. हललाच नाही. ओरडलाही नाही. वर आभाळात एक लाल घार घिरट्या घालत होती, आमच्या भागात त्या फार झाल्यात, म्हणून भावजी म्हणाले घारीला भितोय. पण तो वर बघतच नव्हता. मुलाकडे बघत होता.

भावजी पुढे झाले. भाऊ समोर उभा असल्यासारखे, छत्री काखेत धरून, हात जोडून, हळू आवाजात म्हणाले, दादा, वहिनींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. कावळा तसाच. मग म्हणाले, अस्थी नाशिकला नेऊ, गोदावरीत. तसाच. मग, तुझ्या मुलाचं लग्न लावून देऊ. मुलगा एवढ्या थंडीतही त्यांच्याकडे वळून बघायला लागला. कावळ्यानं मान सुद्धा वळवली नाही. मधेच एक मॅगपाय आली, काळीपांढरी, पिंडाजवळ दोन उड्या मारून गेली. गुरुजी म्हणाले, तीही कावळ्याच्याच जातीची असते, पण चालेल की नाही मला आजोबांना विचारावं लागेल. आजोबा तर केव्हाच गेलेले.

वेळ गेला. किती ते नाही सांगता येत, पण गवतावरचं दव वाळलं आणि मुलाचे ओठ निळे झाले. आजूबाजूच्या घरांतून एक आवाज नाही. एरवी त्या वेळेला कुणाचं गवत कापायचं यंत्र, कुणाचं बाळ, काहीतरी असतं. त्या दिवशी सगळ्या बागा आमच्याकडे कान देऊन बसल्यासारख्या. गुरुजी खाली मान घालून म्हणाले की आणखी थोडा वेळ बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवतात, शास्त्रात तशी सोय आहे. त्यांना दुपारी मीटिंग होती. आणि त्यांनी दर्भ काढून वळायला घेतला सुद्धा.

मला ते गवताचं पाखरू नको होतं. वाटलं, हा कावळा शिवला नाही तर बापाचं शेवटचं वाक्य पोराच्या मानेवर बसणार, जन्मभर. मी मुलाकडे बघितलं आणि मान हलवली, की बोल. भावजींनी ते बघितलं आणि त्याच्या कानाशी लागले. म्हणाले, म्हण, पक्ष सोडतो. त्याला तेवढंच हवंय. मुलानं मान खाली घातली. भावजी म्हणाले, अरे, नुसतं म्हणायचं. नंतर बघू. गेलेला माणूस बघायला येतो का? तरी तो गप्प. मग भावजी चिडले, त्यांचा स्वभावच तो, अशा ठिकाणीही टोमणा मारल्याशिवाय राहवेना. म्हणाले, "निवडणुकीला उभा आहेस ना? मग आश्वासन द्यायला एवढं काय जड जातंय?"

मुलानं तोंड उघडलं.

आणि काय झालं सांगू? त्याचा चेहरा बदलला. कुडकुडणं थांबलं. मान थोडी कलती झाली, भुवया वर गेल्या, एक हात आपोआप छातीशी आला, आणि ओठांवर असं एक हसू आलं, मऊ, समजावणीचं. ते हसू आमच्या घरातलं नव्हतं. ह्यांचं नाही, माझं नाही, माझ्या माहेरचं नाही. ते मी टीव्हीवर बघितलेलं होतं. एका पुढाऱ्याचं नाही, सगळ्यांचंच. आमच्यावर विश्वास ठेवा म्हणताना येतं ते. माझ्या पोटच्या पोराच्या भादरलेल्या डोक्याखाली ते हसू येऊन बसलं होतं. शेडवरचा कावळा त्याच क्षणी पुढे सरकला, छपराच्या अगदी काठाला, पंख अर्धे उघडून. उतरणारच.

मी पायरीवरून उठले, कावळ्याकडे तोंड करून. उठल्याचं मला आठवतं. पुढचं बोलले तेही आठवतं, पण ते दुसऱ्या कुणाचं ऐकल्यासारखं.

"पोराला खोटं बोलायला लावू नका. तो नाही सोडणार. इथून तिथून आम्हीच किती वचनं द्यायची? तुम्ही एक द्या. त्याला चुकू द्या."

मुलाचं तोंड मिटलं. ते हसू गेलं, आणि दात पुन्हा वाजायला लागले. गुरुजींच्या हातात दर्भ अर्धाच वळलेला. कावळा छपराच्या काठावर होता तिथेच राहिला, पंख मिटले, आणि पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उतरला. उडून नाही, शेडवरून टपकन कुंपणावर, कुंपणावरून गवतावर, आणि गवतावरून चालत. मुलाच्या अनवाणी पायांशी थांबला. मग पिंडापाशी गेला, चोच मारली, एक घास घेतला, आणि निघून गेला. बाकीचा पिंड तसाच.

भावजी म्हणाले, बघा, घार गेली म्हणून आला. वर बघितलं तर घार खरंच नव्हती. गुरुजी दर्भ उलगडून सरळ करत बसले.

त्यानंतर सगळं भराभर आटपलं आणि गुरुजी पँट-शर्ट घालून पुन्हा पोरगा होऊन गेले. मी आत भाताचं पातेलं घासत होते तेव्हा पलीकडची बाई आली. इंग्रज बाई, आमच्याच वयाची, महिनाभर लेकीकडे गेली होती ती आदल्या संध्याकाळी परत आलेली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. हातात केक, तोंडभर हसून मला म्हणाली की घरी आल्यासारखं वाटलं बाई, सकाळी तुझ्या नवऱ्याचा बागेतला आवाज ऐकला आणि. कुणाला तरी चांगलं झापत होता ना? मला भाषा कळत नाही, पण तो आवाज कुठेही ओळखेन.

मी तिला बसवलं. सांगितलं. बिचारी पांढरीफटक पडली, केक हातातच. भावजी तिला समजावायला लागले की अहो, आमचे गुरुजी मंत्र म्हणत होते ते ऐकलं असेल तुम्ही. ती हो हो म्हणाली. पण जाताना दारात थांबून तिनं माझ्याकडे, माझ्या गळ्याकडे, असं काही बघितलं की मी पदर ओढून घेतला.

भावजी संध्याकाळच्या गाडीनं ब्रिस्टलला गेले. मुलगा राहिला. स्वयंपाकघरात आला, त्या खुर्चीत नाही, जमिनीवर बसला, फ्रिजला टेकून, लहानपणी बसायचा तसा. मी त्याला दूधभात दिला. खाल्ला नाही. म्हणाला, "आई, मी बोलणार होतो. सोडतो, म्हणणार होतो."

"माहीत आहे."

"आणि सोडणार नव्हतो."

"तेही माहीत आहे."

"नाही, तुला नाही कळला. मला वाईट नव्हता वाटत. मला ईझी वाटत होता. एकदम ईझी. सगळे खूश होतील, कावळा येईल, संपेल. आणि तो येतच होता, आई. तू बघितलंस ना? मी अजून बोललो पण नव्हतो, आणि तो येत होता."

मी बघितलं होतं. तेच तर मी दिवसभर मनातून ढकलत होते. मी ओरडले नसते तर कावळा त्या खोट्यावर उतरला असता. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, भावजींनी त्याची पाठ थोपटली असती, मीही थोपटली असती. आणि माझ्या मुलाला त्या दिवशी कळलं असतं की खोटं चालतं. बापाच्या पिंडापुढेही चालतं, आणि वरून होकारही येतो. पुढारी कसे होतात हे मी आयुष्यभर ह्यांना विचारायचे. ते बहुतेक असेच होत असतील, वाईट बुद्धीनं नाही, घरच्यांच्या भल्यासाठी, एखाद्या थंड सकाळी, आईनं मान हलवली म्हणून.

त्याच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं ते मी त्याला सांगितलं नाही. अजूनही नाही.

निवडणूक तीन-चार आठवड्यांवर होती. मी त्याच्याबरोबर केंब्रिजला गेले, एकटी घरात राहवेना. प्रचाराच्या पत्रकावर त्याचा केस असलेला फोटो आणि दारात हा बोडका, त्यामुळे लोक आधी फोटो बघायचे, मग त्याला, मग मागे उभ्या माझ्या साडीला. कुणी हसायचे, कुणी दार लावायचे. तो प्रत्येक फाटकाशी थांबायचा. बेल वाजवायच्या आधी क्षणभर मागे वळून बघायचा, माझ्याकडे नाही, माझ्याही मागे, रस्त्याकडे. कुणी नसायचं. मी एकदा विचारलं, काय बघतोस? म्हणाला, काही नाही, सवय लागली.

एका घरात एक म्हातारी बाई होती. तिचा मुलगा सैन्यात, तिकडे इराकमध्ये. तिनं नुसतं एकच विचारलं, की तू निवडून आलास तर माझ्या मुलाला परत आणशील का. कौन्सिलचा माणूस काय आणणार? कचऱ्याचे डबे आणि रस्त्यांचे दिवे त्याच्या हातात. पण ती बाई इतक्या आशेनं बघत होती, आणि एका होकारानं कुणाचं काय बिघडतं? मुलानं तोंड उघडलं. मी मागे उभी राहून त्याचा चेहरा दिसतोय का बघत होते, दिसेना, नुसती मान दिसत होती, कोवळे केस फुटलेली. ती मान कलती होते की काय म्हणून मी फाटक घट्ट धरलं.

मान सरळच राहिली. तो म्हणाला की नाही आणू शकणार. ते माझ्या हातात नाही. मी त्या युद्धाच्या विरुद्ध आहे आणि माझा पक्ष नाही, आणि मी त्यांना हे सांगत राहीन, पण तुमचा मुलगा मी आणू शकणार नाही.

बाईनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं. मत गेलं. मुलगा पत्रक फटीत न टाकताच परत वळला. आम्ही पुढच्या घराकडे निघालो.